१९६९चा ‘द इटालियन जॉब’ अजून का चालतो? आणि तेवढं सोनं तीन मिनीत मावतं का?

फिल्लमबाज:
पुढच्या महिन्यात आमच्या फिल्म मंडळात पीटर कॉलिन्सनचा मूळ ‘द इटालियन जॉब’ दाखवायचा आहे. मायकेल केन, नोएल कॉवर्ड, तीन रंगांच्या तीन चिमुकल्या मिनी गाड्या, तोच. निम्म्या लोकांनी २००३चा पाहिलाय, काहींनी २०१२चा अब्बास-मस्तानचा ‘प्लेयर्स’ पाहिलाय, मूळ मात्र फार थोड्यांनी. सिनेमानंतर अर्धा तास गप्पा असतात. “जुनं ते सोनं” म्हणून वेळ मारून न्यायची नाहीये, म्हणून विचारतो:

गोष्ट अगदी किरकोळ. तुरीन शहरात वाहतूक तुंबवायची, फियाटकडे चाललेलं चीनचं चाळीस लाख डॉलरचं सोनं पळवायचं, संपलं. मग पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही माणसं यावर जीव का टाकतात? दुसरं, तेवढं सोनं तीन मिनीत नेणं खरंच शक्य आहे का? तिसरं, शेवटी दरीवर लटकलेल्या बसमधून सोनं काढता येईल का? आणि प्रिंट कोणती घ्यावी? जाणकारांनी हात मोकळा सोडून लिहा.

रिळवाला:
प्रिंटपासून सुरू करतो, कारण तुमचा पहिला प्रश्न तिथेच अर्धा सुटतो.

हा सिनेमा पॅनाव्हिजनमध्ये, २.३५ः१ या रुंद चौकटीत चित्रित झालाय. कॅमेरा डग्लस स्लोकोंब यांचा. जुन्या टीव्हीची चौकट १.३३ः१. तो पडदा भरायचा म्हणजे चित्राचा जवळजवळ ४३ टक्के भाग कापावा लागतो. या सिनेमात तीन गाड्या सतत शेजारी-शेजारी किंवा ओळीने धावतात, त्यामुळे कापलेल्या प्रतीत एक मिनी हटकून बाहेर जाते. ज्यांनी हा फक्त टीव्हीवर पाहिलाय त्यांनी मुळात पाऊण पाठलागच पाहिलाय.

दुसरी खोच वेगाची. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, युरोपातला आणि आपल्याकडचा जुना टीव्ही २५ने. पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर म्हणूनच ९९ मिनिटांचा सिनेमा साधारण ९५ मिनिटांत उरकतो आणि स्वर पाऊण श्रुती... नाही, पाश्चात्त्य हिशेबाने पाऊण अर्धस्वर वर चढतो. क्विन्सी जोन्सचं संगीत आणि सुरुवातीचं मॅट मन्रोचं गाणं यात बारीक, चिरकं होतं. ब्लू-रे घ्या, २४ चौकटींचाच चालवा.

आता, का आवडतो. माझं मत स्पष्ट आहे. या सिनेमात जे दिसतं ते बहुतेक सगळं कोणीतरी खरंच केलेलं आहे, आणि ते कळावं अशाच बेताने कॅमेरा ठेवलाय. फ्रेंच स्टंटमॅन रेमी ज्युलियन आणि त्याच्या पथकाने गाड्या चालवल्या. कॅमेरा बऱ्याचदा लांब, स्थिर, आणि शॉट इतका मोठा की गाडी जिन्याच्या वरून निघून खाली पोचेपर्यंत कट येत नाही. आजच्या पाठलागात तेवढ्या वेळात दहा तुकडे होतात आणि कोण कुठे आहे ते दिग्दर्शकालाही माहीत नसावं असं वाटतं. इथे शहर समजतं: नदी कुठे, चर्च कुठे, छप्पर कुठे.

एक गोष्ट गप्पांत जरूर दाखवा. डीव्हीडीच्या जोडसामग्रीत एक वगळलेलं दृश्य आहे. मिनी आणि पोलिसांच्या गाड्या एका भव्य प्रदर्शन-दालनात ‘ब्लू डॅन्यूब’च्या तालावर गिरक्या घेतात. दिसायला देखणं, पण पाठलागाचा वेग पार बसतो, म्हणून कात्री लागली. कात्री बरोबर लागली असं मला वाटतं. हलकाफुलका सिनेमा स्वतःच्या हलकेपणावर खूश होऊन थांबला की जड होतो.

गॅरेजकर:
मिनीबद्दल लिहितो. सिनेमात गाड्या मिनी कूपर एस आहेत, १२७५ सीसी. लांबी जेमतेम ३.०५ मीटर, रुंदी १.४१, वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, चाकं १० इंची. इंजिन आडवं बसवलेलं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली, इंजिनच्याच तेलात. म्हणून बॉनेट एवढुसं आणि चारही चाकं अगदी चार कोपऱ्यांत. जिना उतरताना याचाच फायदा: पुढे-मागे लोंबणारा भाग नसल्यामुळे नाक पायरीवर आपटत नाही.

तोटाही त्यातच आहे. गिअरबॉक्स खाली असल्याने तेलाची टाकी हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग. पायरीची कड एकदा बसली की अ‍ॅल्युमिनियमचं ओतकाम तडकतं, तेल सांडतं, आणि तेल एकच असल्याने इंजिन व गिअर दोन्ही कोरडे पडतात. जिन्यावर मिनी न्यायची तर खाली जाड पत्रा, म्हणजे संप गार्ड, लावल्याशिवाय नाव काढायचं नाही. वेगही मधलाच हवा. फार हळू गेलं तर प्रत्येक पायरीत चाक पूर्ण उतरतं आणि पोट टेकतं. फार जोरात गेलं तर शेवटच्या पायरीनंतर नाक जमिनीत.

त्या काळच्या मिनीचं सस्पेन्शन हायड्रोलॅस्टिक. स्प्रिंगच्या जागी रबर आणि पाण्यासारखा द्रव, आणि एकाच बाजूचं पुढचं व मागचं चाक नळीने जोडलेलं. पुढचं चाक दबलं की द्रव मागे जातो, गाडी सपाट राहते. रिकाम्या गाडीत झकास. पण मागे ओझं टाकलं की मागचा द्रव पुढे ढकलला जातो, ढुंगण बसतं आणि नाक आकाशाकडे. मिनीची ओढ पुढच्या चाकांत असते, त्यामुळे पकड आणि स्टिअरिंग दोन्ही एकदम जातात. हे लक्षात ठेवा, सोन्याच्या हिशेबात लागेल.

बसमध्ये चालत्या गाडीने चढण्याचं दृश्यही नुसतं धाडसाचं नाही. समजा बस ताशी ८० आणि मिनी ८५. बसच्या दृष्टीने मिनी फक्त ५च्या वेगाने येते, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसासारखी. पण तिची पुढची चाकं ८५च्या हिशेबाने फिरत असतात. ती फळीवर टेकताक्षणी, ड्रायव्हरचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर राहिला तर गाडी बसच्या ड्रायव्हरच्या पाठीत. म्हणून चाक फळीला लागताच क्लच दाबायचा. नुसत्या चाकांत फार जोर साठलेला नसतो, तो घसटून लगेच मरतो. मग ब्रेक. बसवाल्याने मात्र वेग तसूभरही बदलायचा नाही. त्याने घाबरून ब्रेक मारला की खेळ खलास.

कंपासपेटी:
सोनं. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

१९६८च्या मार्चपासून सोन्याला दोन भाव होते: सरकारी ३५ डॉलर औंस आणि खुल्या बाजारात त्याहून चढा. सोयीसाठी ४० धरू. चाळीस लाख भागिले ४० म्हणजे एक लाख औंस. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे ३,११० किलो. सरकारी भावाने काढलं तर आणखी वाढून साडेतीन टनांच्या वर जातं.

बँकांची ठरलेली वीट ४०० औंसांची, साधारण साडेबारा किलो. म्हणजे २५० विटा, प्रत्येक मिनीत ८३-८४. जागेचा प्रश्नच नाही. सोन्याची घनता १९.३, त्यामुळे एका गाडीच्या वाट्याचं सोनं जेमतेम ५४ लिटर जागा घेतं, तेलाचे साडेतीन डबे. डिकीत आरामात बसेल. पण त्याचं वजन १,०३७ किलो! गाडीच साडेसहाशेची.

डिकीचा मध्य मागच्या आसापासून अंदाजे ४० सेंटीमीटर मागे धरला आणि दोन आसांतलं अंतर २.०३ मीटर, तर या ओझ्याने पुढच्या आसावरचं सुमारे २०० किलो वजन उचललं जातं. रिकाम्या मिनीच्या पुढच्या आसावर असतात चारेकशे. म्हणजे निम्मी पकड गायब. मागच्या आसावर मात्र दीड टनाच्या आसपास. गॅरेजकर म्हणाले ते सस्पेन्शन वगैरे राहू दे, ती १० इंची टायरंच आधी बसतील.

मिनी चार माणसं आणि थोडं सामान, म्हणजे तीनेकशे किलो वाहते. ड्रायव्हर वजा केला तर २३० उरतात. ३,११० भागिले २३०, साडेतेरा. चौदा मिनी हव्यात.

गंमत अशी की बसला हा भार झेपतो. सिनेमातली बस बेडफर्ड व्हीएएल, पुढे वळणारे दोन आस, मागे एक, अशी सहा चाकांच्या जागांची. असल्या बसमध्ये साधारण ५२ प्रवासी बसत. माणशी ७० किलो धरले तर ३,६४०. सोनं आणि टोळी मिळून चार टनांच्या आत-बाहेर. थोडं जास्त, पण बस मोडणार नाही. बिघडतं ते भार विखुरलेला नसून मागे एका जागी असल्यामुळे.

उलटतपासणी:
सगळे आरत्या ओवाळताहेत म्हणून जरा थंड पाणी ओततो.

पहिला अर्धा भाग सैल आहे. क्रोकर (म्हणजे केन) तुरुंगातून सुटल्यावरच्या बायकांच्या मेजवान्या आणि बेनी हिलच्या प्रोफेसर पीचची लठ्ठ बायकांवर लाळ गाळणं आज बघवत नाही. तेव्हाही फार विनोदी असेल असं वाटत नाही. मंडळात तरुण मुली असतील तर प्रास्ताविकातच एक वाक्य बोलून टाका. नंतर सारवासारव करण्यापेक्षा बरं.

आणि ‘निरागस’ हा शब्द या सिनेमाला लावू नका. त्याचा विनोद एका विशिष्ट वेळच्या ब्रिटनचा आहे. नोव्हेंबर १९६७मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४०वर आणला गेला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी ब्रिटनसाठी युरोपच्या सामायिक बाजारपेठेचं दार १९६३ आणि १९६७ असं दोनदा तोंडावर आपटलं. परदेशी फिरायला जाणाऱ्या ब्रिटिश माणसाला सोबत फक्त ५० पौंड न्यायची परवानगी होती. अशा वेळी लाल, पांढऱ्या, निळ्या गाड्या युरोपच्या सगळ्यात मोठ्या मोटार-गावात घुसतात आणि त्यांच्या नाकावर टिच्चून सोनं नेतात. तुरुंगात बसून राणीच्या फोटोंच्या सान्निध्यात सूत्रं हलवणारा मिस्टर ब्रिजर हा उघड उघड चिमटा आहे. बँकेत खडखडाट, पण थाट साम्राज्याचा! कॉवर्डचा हा शेवटचा सिनेमा, आणि ती भूमिका त्याने एकही पापणी न हलवता केलीय. शेवटी सोनं हाताशी असून हाती नाही, हाही त्याच विनोदाचा भाग. टीव्हीवर वर्षानुवर्षं सणासुदीला पाहून लोकांनी त्यातला चिमटा काढून टाकला आणि झेंडा तेवढा ठेवला. अमेरिकेत हे काही पोचलं नाही, तिथे सिनेमा पडलाच.

बाकी ‘खरं केलंय’ हा रिळवाल्यांचा मुद्दा मान्य, पण तेवढ्याने सिनेमा प्रेमळ होत नाही. इथे चोरांना कोणाचा सूड घ्यायचा नाही आणि पैशाचं काय करणार हेही कोणी बोलत नाही. काम नीट होणं, एवढाच ध्यास. २००३च्या सिनेमात सूड आला, फितुरी आली, आणि हलकेपणा गेला. (तिथे लॉस एंजेलिसच्या भुयारी रेल्वेत पेट्रोलच्या गाड्यांना मनाई होती म्हणून विजेवरच्या मिनी बनवून घेतल्या. ते काम वाखाणण्यासारखं, पण पडद्यावर त्याचा पत्ता लागत नाही.) ‘प्लेयर्स’बद्दल काही न बोललेलं बरं.

रिळवाला:
सूडाचा मुद्दा बरोबर. फक्त एक जोडतो: क्रोकरला योजना देणाऱ्याला माफियाने सुरुवातीलाच मारलंय, म्हणजे सूडाची सोय आयती होती. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिनने ती वापरली नाही.

तुरीनवाट:
मंडळात पडद्यावर नकाशा दाखवणार असाल, किंवा कोणी तिकडे जाणार असेल, तर जागा सांगतो.

पियात्झा कास्तेल्लोपासून व्हिया पो या कमानीदार रस्त्याने सरळ खाली या, पियात्झा व्हित्तोरियो ओलांडा, पुलापलीकडे ग्रान माद्रे दि दिओ हे घुमटाचं चर्च समोरच येतं. लग्नाच्या वऱ्हाडातून मिनी उतरतात त्या पायऱ्या याच. गाड्या ज्यावरून जातात तो पो नदीचा बंधारा पुलापासून जवळ. पाणी जास्त असलं की ती कड दिसतही नाही. व्हिया रोमाला लागून गॅलेरिया सान फेदेरिको आहे, तीही सिनेमात आहे.

मग मेट्रोने लिंगोत्तो. फियाटचा हा कारखाना १९२३मध्ये सुरू झाला, रचना माते-त्रुको या अभियंत्याची. इमारत सुमारे अर्धा किलोमीटर लांब, पाच मजली. कच्चा माल खाली आत येई, गाडी मजल्यागणिक वर सरकत तयार होई आणि छतावरच्या धावपट्टीवर चाचणी होऊन गोल घाटाने खाली उतरे. दोन्ही टोकांची वळणं कढईसारखी वर उचललेली आहेत. १९८२मध्ये कारखाना बंद झाला, आता तिथे दुकानं, हॉटेल, चित्रसंग्रह. छतावर २०२१पासून बाग आहे, चाळीस हजार रोपांची, पण उतरती वळणं जशीच्या तशी. वळणाच्या पायथ्याशी उभं राहिलं की मिनी तिथे किती तिरप्या होत असतील ते कळतं. फोटोत तो उतार सपाट दिसतो, फसू नका.

पुढचंच मेट्रो स्टेशन इतालिया ६१. तिथून पालावेला चालत. १९६१च्या प्रदर्शनासाठी बांधलेलं, तीन टोकांवर टेकलेलं शिडासारखं छप्पर. मिनी त्यावर चढतात. २००६च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी आतून पार बदललं, बाहेरचं कवच ओळखू येतं.

गटारातला पाठलाग मात्र तुरीनचा नाही, इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या मलवाहिनीतला आहे. तिथे गाडी नळाच्या छतावरून पूर्ण फिरवायचा प्रयत्न झाला होता. ओल्या, बुळबुळीत भिंतीला टायर धरेना, गाडी उलटी पडायची, शेवटी नाद सोडला. ब्रिजरचा तुरुंग डब्लिनचा किल्मेनम.

सुरुवातीचा नारिंगी लम्बोर्गिनी मिउराचा घाट ग्रेट सेंट बर्नार्ड, इटलीच्या बाजूचा. तो जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच खुला असतो, एरवी बोगदा. दरीत ढकललेली मिउरा आधीच अपघातात मोडलेली होती. चालवलेली धड गाडी वेगळी, तिची ओळख लम्बोर्गिनीने २०१९मध्ये अधिकृतपणे पटवली. शेवटच्या बसची जागा चेरेसोले रेआलेच्या वरच्या घाटात. थंडीत तिथे बर्फ, रस्ता बंद.

एक राहिलं. वर कोणी म्हटलं नाही, पण सगळीकडे म्हणतात की मिनी कंपनीने गाड्या फुकट दिल्या. नाही दिल्या. उत्साह दाखवला तो फियाटने. मिनीऐवजी आमच्या गाड्या वापरा म्हणून मागे लागले होते. निर्मात्याने ऐकलं असतं तर सिनेमातला सगळा चिमटाच गेला असता.

फिल्लमबाज:
अरे वा, मेजवानीच दिलीत. कंपासपेटी, बसचं राहिलं. सोनं निघेल का?

कंपासपेटी:
निघेल, पण क्रम चुकला की सगळे दरीत.

हा तराजू आहे. टेकू म्हणजे रस्त्याची कड. मागे ३,११० किलो सोनं, पुढे टोळी, आठेकशे किलो. सोनं कडेपासून दोन मीटर मागे असलं तरी त्याचं बल (वजन गुणिले अंतर) ६,२२०, आणि माणसं पाच मीटर पुढे असली तरी ४,०००. उरलेली भर बस स्वतः घालते. व्हीएएलचं इंजिन पुढे आहे म्हणून बरं, मागे असतं तर गोष्ट तिथेच संपली होती.

केन सोन्याकडे सरपटत जातो ती चूक. पुढचं वजन मागे नेलं आणि बस कलली की विटा आणखी मागे घसरतात. सोन्याला शेवटी हात लावायचा. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने २००८मध्ये यावर स्पर्धाच लावली होती: अर्ध्या तासात उकल हवी, हेलिकॉप्टर चालणार नाही. जिंकलेल्या उत्तराचा क्रम मला पटतो.

आधी मागचं वजन कमी करा. मागच्या बाजूच्या काचा फोडून बाहेर टाका. सहा मिलिमीटर काच चौरस मीटरला १५ किलो भरते, बसच्या खिडक्या मोठ्या. मग पुढच्या काचा, त्या मात्र आतल्या बाजूला फोडायच्या, म्हणजे त्यांचं वजन पुढेच राहतं. एकाने खिडकीतून उलटं लोंबून, बाकीच्यांनी पाय धरून, पुढच्या टायरांची हवा सोडायची. हे का, तर टायर आणि स्प्रिंगवर बस झुलते आणि झोका सगळ्यात घातक. हवा गेली की नाक जमिनीवर घट्ट बसतं. नंतर डिझेलची टाकी, ती टेकूच्या मागे आहे. तळाच्या झाकणातून पोचून रिकामी करायची. लिटरला ०.८४ किलो. शंभर लिटर दोन मीटर मागे असतील तर १६८चं बल सुटतं. आता ७० किलोचा एक माणूस, टेकूपासून २.४ मीटरांच्या आत उभा असेल तर, बिनधास्त उतरू शकतो. पण टोळी उभी आहे पाच मीटरवर, तिथून उतरायला ३५० हवेत. म्हणून काचांचा वाटाही लागतो, तो सोडून चालत नाही. उतरलेल्याने धोंडे गोळा करून पुढच्या दारातून आत द्यायचे. एका माणसाच्या वजनाचे धोंडे भरले की पुढचा माणूस मोकळा. पुढे भरपूर दगड झाले की मगच कोणीतरी मागे जाऊन एकेक वीट काढायची.

केनने स्वतः सांगितलेला शेवट वेगळा. इंजिन चालू ठेवून इंधन संपवायचं, तोल बदलला की सगळ्यांनी उड्या मारायच्या. बस आणि सोनं खाली, आणि खाली माफिया उभाच. म्हणजे पुढच्या सिनेमाची सोय. इंधन संपायला तासन्‌तास लागतील, अर्ध्या तासाची अट त्यात बसत नाही.

रिळवाला:
फिल्लमबाज, दाखवताना प्रोजेक्टरचं ‘झूम’ किंवा ‘फिल’ आधी बंद करा. पडद्याच्या वर-खाली काळ्या पट्ट्या आल्याच पाहिजेत. पट्ट्या दिसल्या की कोणीतरी उठून “पडदा पूर्ण भरत नाही” म्हणतंच. रिमोट स्वतःकडे ठेवा. तपासायला लिंगोत्तोच्या छतावरचा शॉट लावा: तिन्ही मिनी दिसल्या तर ठीक.

फिल्लमबाज:
रिमोट खिशात ठेवतो. विटा दाखवायला साडेबारा किलोचं एक वजन किराणा दुकानातून मागवलंय, ज्याला उचलायचं त्याने उचलावं.

गॅरेजकर:
एका हाताने उचलायला सांगा. सिनेमात पोरं भराभर फेकताना दिसतात, तशी.